हळू चालणाऱ्याने पुढे व्हावे

बाईंनी मला खोली द्यायच्या आधी जिना चढायला लावला होता.

मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईने दिलेला लाडवांचा डबा, आणि बिबवेवाडीतल्या त्या इमारतीला लिफ्ट नाही हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडून एक उंच, काटक, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या राहिल्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "सामान इथे ठेवा. आता आपण खाली जा आणि परत वर या. मी इथून बघते."

मला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. पण पुण्यातल्या घरमालकांबद्दल आमच्याकडे जे काय काय सांगतात, त्यात हेही खपून जाण्यासारखं होतं. गेले खाली. आले वर. कठड्याला लोंबकळत, धापा टाकत, मनातल्या मनात या शहराला शिव्या देत.

"हं," बाई म्हणाल्या. "कठडा धरतेस. प्रत्येक वळणावर थांबतेस. पण थांबून परत चढतेस, ते बरं आहे. रविवारी पहाटे मोकळी असतेस का?"

"हो."

"मग खोली तुझी."

एवढीच मुलाखत. नोकरी कुठे, रात्री किती वाजता येणार, मांस-मच्छी खातेस का, एक अक्षर विचारलं नाही. पहिल्यांदा चढले तेव्हा मी 'आपण' होते, दुसऱ्यांदा चढले आणि 'तू' झाले. रात्री आईचा फोन आला. घरमालकीण कशी आहे म्हणाली. म्हटलं, थोडी येडी आहे. आई घाबरली. "पण चांगली आहे ना?" म्हटलं, ते रविवारी कळेल.

बाई एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना सगळं जग 'बाई'च म्हणायचं. दूधवाला, वॉचमन, वाण्याच्या दुकानातला म्हातारा, सगळे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. शेजारच्या एका वहिनींनी एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, "रविवारी पहाटे चालायला जायचं असतं हो." वहिनी अजून त्याचा अर्थ लावतायत.

तर तो पहिला रविवार. बाहेर अंधार, मी अर्धवट झोपेत, आणि बाई कॅनव्हासचे बूट घालून, सलवारीचे पाय मोज्यात खोचून दारात हजर. तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याशी आणखी दोघं उभे होते. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, गोल चेहऱ्याचे, कानटोपी घातलेले. दुसरा कात्रजला राहणारा एक इंजिनियर, माझ्याच वयाचा, हातात घड्याळ असं की त्यात हृदयाचे ठोके, पावलं, पाऊसपाणी सगळं दिसतं. बाईंनी ते त्याला खिशात ठेवायला लावलं.

मग त्यांनी विचारलं, "आज सगळ्यांत हळू कोण?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. अजून मी एक पाऊल टाकलेलं नव्हतं बरं का!

"चल, पुढे हो," बाई म्हणाल्या.

"पण मला रस्ता माहीत नाही."

"टेकडी आहे. वर जायचं."

त्यांचा नियमच होता. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. त्याच्या मागे त्याच्यापेक्षा बरा, त्याच्या मागे आणखी बरा, आणि सगळ्यांच्या शेवटी बाई. पुढच्याला ओलांडायचं नाही. तो थांबला तर सगळ्यांनी थांबायचं. 'किती राहिलं?' हा प्रश्न विचारायचा नाही. विचारलाच तर बाई मागून म्हणायच्या, "टेकडीला विचार."

मी पुढे चालायला लागले आणि लाजेने माझे कान तापले. सपाटीवर वाढलेली मी, आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. अख्खं पुणं माझ्या पाठीकडे बघतंय असं वाटत होतं. मागे तो इंजिनियर पाय घासत चालला होता, त्याचा एकेक सुस्कारा मला ऐकू येत होता. मी ठरवलं, आज संध्याकाळीच दुसरी खोली बघायची. नको मला हे. मग एक वळण आलं, ते ओलांडलं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की माझ्यापुढे कुणीच नाही. नुसती वाट. आणि त्या वाटेवर एक मोर. चांगला पिसाऱ्यासकटचा मोर, सावकाश आडवा गेला आणि झाडीत शिरला. "मोर!" मी ओरडले. मागचे येईपर्यंत काही उरलं नव्हतं. इंजिनियर म्हणाला, "कोंबडा असेल." मला इतका राग आला त्याचा! पण त्या दिवशी मी दुसरी खोली बघितली नाही.

उतरल्यावर चहाच्या टपरीवर बाईंनी मला नियमामागचं कारण सांगितलं. वर्गात सांगतात तसं, एक बोट वर करून. "हे बघ. वेगाचा माणूस पुढे गेला की तो वर जाऊन बसतो. मागचा धापा टाकत येतो. तो पोचला की पुढचा म्हणतो, चला. म्हणजे ज्याला दमायला झालेलं नाही, त्याची विश्रांती होते. आणि ज्याचा जीव चाललाय त्याला बसायलाही मिळत नाही. हा अन्याय आहे."

"लोक थांबतात ना पण."

"थांबतात आणि तोंड वाकडं करून बघतात. ते त्याहून वाईट."

हा नियम त्यांनी फक्त टेकडीवर ठेवला असता तर गोष्ट वेगळी. शाळेत असताना परीक्षेच्या वेळी त्या प्रश्नपत्रिका आधी सावकाश लिहिणाऱ्या मुलींना वाटायच्या आणि भराभर लिहिणाऱ्यांना शेवटी. तक्रार गेली. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना सारखाच वेळ मिळायला हवा, हे मला मान्य आहे. मी वाटायला सावकाश चालते, त्याला काय करू?" घरी जेवायला बसलो की आधी वाढायच्या ते मला, कारण मी रवंथ करते असं त्यांचं मत. आणि रस्ता ओलांडणं! आमच्या चौकात, चारी बाजूंनी गाड्या अंगावर येत असताना, बाई आम्हाला रांगेत उभं करायच्या आणि सगळ्यांत पुढे काकांना घालायच्या, कारण काकांना एका डोळ्याने कमी दिसायचं. "अहो, मला गाडी दिसत नाही!" काका कळवळायचे. "गाडीवाल्याला तुम्ही दिसता ना?" बाई मागून म्हणायच्या. आश्चर्य म्हणजे गाड्या थांबायच्या. काका दोन्ही हात पसरून डोळे मिटून चालायचे, त्यांच्यापुढे कोण न थांबेल?

डोंगरावर खाण्याच्या बाबतीतही त्यांचा स्वतंत्र कायदा. काकडी चालेल, गूळ-शेंगदाणे चालतील, पुडीतलं काही चालणार नाही. सिंहगडावर सगळी दुनिया पिठलं-भाकरी आणि भजी खायला जाते. आम्ही वासावर जगायचो. एकदा इंजिनियरने धीर करून विचारलं, "बाई, एक प्लेट भजी?" त्या म्हणाल्या, "खा की. पण मग तू चालायला आला होतास असं घरी सांगू नकोस, भजी खायला गेलो होतो म्हण." त्याने खाल्ली, पण बिचाऱ्याला ती गोड लागली नसावी. फोटोंचंही तसंच. "फोटो काढणारा बघत नाही, आणि ज्याचा काढतात तोही बघत नाही. मग बघतं कोण?" असं म्हणून त्या आमचे फोन पिशवीत टाकायला लावायच्या.

वर्षभरात मला बढती मिळाली. काकांना तापाचं आजारपण आलं, त्यातून ते उठले आणि पहिल्या जागेवर गेले, मी दुसऱ्या. मला अगदी सैन्यात पदक मिळाल्यासारखं झालं. काकांना वाईट वाटलं असेल असं मला वाटायचं, पण ते तर खूष होते. "पुढे असलं की बायकोचा फोन आला असं सांगून थांबता येतं," ते मला हळूच म्हणाले.

फळ्यावरच्या एका पोपटी पट्टीबद्दल बाई पहिल्यांदा बोलल्या ते कात्रजच्या डोंगरावर. एप्रिल महिना, गवत जळून करपलेलं, खडक तापायला लागलेले, खाली सगळं शहर धुरकट. आम्ही एका खुरट्या झाडाच्या सावलीत दाटीवाटीने बसलो होतो. बाई काठीने मातीत काहीतरी काढत होत्या. डोंगर होता तो. त्याला त्यांनी आडव्या रेघा मारल्या.

"हे मी दर वर्षी फळ्यावर काढायचे," त्या म्हणाल्या. "खाली गर्द हिरवा खडू, ते जंगल. सगळ्यांत वर पांढरा, तो बर्फ. आणि मध्ये ही पोपटी पट्टी. उंचावरची कुरणं. झाडं संपतात आणि बर्फ सुरू व्हायच्या आधी नुसतं गवत. एका मुलीने एकदा विचारलं, बाई, तिथे कसं असतं हो? मी म्हटलं, छान असणार. ती म्हणाली, असणार म्हणजे?"

"मग?"

"मग तास संपला." बाईंनी पायाने डोंगर पुसून टाकला. "अख्खी नोकरी मी 'असणार' शिकवलं."

जायचं दर वर्षी ठरायचं म्हणे. कधी आईचं आजारपण निघालं, कधी पेपर तपासायचे, कधी ऐन सुट्टीत जनगणना. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाल्या, तर निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले. आणि त्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, जूनमध्ये दोन्ही गुडघे बदलायचे. त्यानंतर सपाटीवर खुशाल चाला, पण डोंगर विसरा.

"मग अजून मे आहे की," बाई म्हणाल्या.

असं आमचं हिमालयात जायचं ठरलं. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. काकांनी बायकोला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते कानटोपी बदलून आले.

तयारीच्या त्या आठवड्यांत मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिनसलंय. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून आम्ही पर्वतीच्या पायऱ्या चढत होतो, तर मागून बाईंच्या काठीचा आवाज येईना. वळून बघितलं तर त्या खूप खाली उभ्या. "पक्षी बघत होते," वर आल्यावर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पक्षी. आता, बाईंना आणि पक्ष्यांमध्ये रस! साळुंकी आणि कबूतर शेजारी बसवलं तर कोण कोणतं हे त्यांना सांगता आलं नसतं. पण त्यांना जागोजागी पक्षी दिसायला लागले, बुटाची नाडी सारखी सुटायला लागली, आणि एकदा तर त्या एका दगडापाशी उभं राहून त्याचा प्रकार ठरवत बसल्या. आम्ही तिघंही तोंड मिटून वाट बघायचो.

"बाईंना पुढे बोलवायला पाहिजे," इंजिनियर मला आणि काकांना म्हणाला. "रूल म्हणजे रूल. काका, तुम्ही सीनियर आहात, तुम्ही बोला ना."

"मी?" काका म्हणाले. "मी बँकेत होतो रे. सैन्यात नव्हतो."

कुणीच बोललं नाही. आणि बाई शेवटीच राहिल्या.

उत्तराखंडातल्या त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा हवा इतकी गार होती की मे महिना आहे हे पटेना. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, शांत माणूस होता. तो म्हणाला, वाट काही अवघड नाही. सकाळी निघायचं, जंगलातून चढत बुग्याळ गाठायचं, संध्याकाळपर्यंत परत. तिकडे त्या उंचावरच्या कुरणांना बुग्याळ म्हणतात. फक्त एक लक्षात ठेवा. दुपारनंतर ढग येतात आणि गारा पडतात, म्हणून ऊन कलायच्या आत वरून निघायलाच हवं. जो तोपर्यंत पोचणार नाही, त्याला अर्ध्यातून परत फिरावं लागेल. मग त्याने बाईंकडे बघून विचारलं, "माताजी के लिए खच्चर कर दूँ?"

"खेचराने कुरण बघितलेलं आहे," बाई मराठीतच म्हणाल्या. "मला बघायचंय."

सकाळी निघालो. वाटाड्या पुढे, मग काका, मग मी, माझ्यामागे इंजिनियर, आणि शेवटी बाई. काय जंगल होतं ते! लाल फुलं पडून वाटेवर सडा झालेला, मोठमोठ्या झाडांना शेवाळाच्या दाढ्या. मी आनंदाने बडबडत होते. काका सुद्धा फोन आल्याची सबब न सांगता चालले होते. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, काठीचा आवाज नाही.

थांबलो. बाई आल्या. "पक्षी होता."

पुन्हा थांबलो. बाई आल्या. घामाने चेहरा निथळत होता, ओठ पांढरे. "नाडी," म्हणाल्या. वाटाड्याने आभाळाकडे बघितलं. त्याला काही बोलायची गरजच नव्हती, पलीकडच्या डोंगरावर कापसासारखे ढग दिसायला लागले होते.

तिसऱ्यांदा थांबलो आणि बाई आल्याच नाहीत.

"मी बघते," म्हणून मी उतरत गेले. दोन वळणं खाली, एका आडव्या पडलेल्या झाडावर बाई बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर. मला बघून त्यांनी पाठ ताठ केली.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी इथे बसते. उगाच तुमचा खोळंबा नको."

"बाई, तुम्ही पुढे चला ना. सगळ्यांच्या पुढे."

"मी मागे असते ती तुमच्यावर लक्ष ठेवायला."

"कोणावर लक्ष? आम्ही दिसतो तरी का तुम्हाला?"

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. बाईंनी पिशवीतून काकडी काढून मला दिली, जणू मी लहान मुलगी आहे आणि आता निघायचं आहे. आणि म्हणाल्या, "येताना फोटो काढून आण."

फोटो! बाई! रडू यावं की ओरडावं हे कळेना, आणि मग जे तोंडातून बाहेर पडलं ते थेट अकोल्याचं पडलं. "काहून जी बाई? काहून आणू मी फोटो? फोटोत बघायचं होतं तर बिबवेवाडीतच बघून राहिल्या असत्या, इथवर काहून आल्या? मी काही जात नाही. मीही इथंच बसतो. ते दोघं जातील न् येतील. तुमच्यामुळे माझंही राहील, चालते?"

आणि मी खरंच बसले, त्यांच्या शेजारी, ओल्या शेवाळावर. काकडी करकरा खायला लागले. राग आला की मला भूक लागते.

काकडी संपत आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुला पहिल्या दिवशी पुढे घातलं होतं मी."

"हो."

"काय वाटलं होतं तेव्हा? खरं सांग."

"लाज वाटली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुमची खोली सोडणार होते मी."

"मग?"

"मग एक वळण गेलं. आणि पुढे कोणीच नव्हतं. मग नाही वाटली."

"एका वळणापुरती?"

"एका वळणापुरती, बाई. शपथ."

त्यांनी समोरच्या वळणाकडे बघितलं. फार लांब नव्हतं ते. एक वाकडं झाड आणि त्यामागे उजेड. बाईंनी काठी रोवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठल्या. मी अजिबात हलले नाही, श्वाससुद्धा घेतला नाही.

वर काका आणि इंजिनियर उभे होते. बाई त्यांच्याजवळून पुढे गेल्या, वाटाड्याच्याही पुढे, आणि मागे न बघता म्हणाल्या, "काका, दुसरे. ही तिसरी. ओलांडायचं नाही."

"नाही, नाही!" काका म्हणाले, आणि घाईघाईने दुसरे झाले.

चाललो. काय सांगू त्या चालण्याबद्दल! मुंगीच्या पावलांनी. आमचा इंजिनियर, जो पर्वती पळत चढतो, तो शेवटी वरातीत चालल्यासारखा एक पाय उचलून ठेवत होता. वाटाड्या म्हणाला, "ऐसे तो शाम हो जाएगी." काकांनी वळून त्याला तोंडावर बोट ठेवून दाखवलं. बँकेतल्या काकांना एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

आणि बाईंना आता पक्षी दिसेनात. थांबायचं असलं की त्या सरळ म्हणायच्या, "थांबले." आम्ही थांबायचो. दम परत आला की म्हणायच्या, "निघाले." आम्ही निघायचो. एकदा थांबल्या तर मोठमोठ्याने श्वास घेत होत्या, आणि तो लपवायला त्यांनी काहीही केलं नाही. मला वाटलं होतं हे बघणं जड जाईल. उलट मला इतकं हलकं वाटलं. कारण मागे राहून त्या एकदम दमायच्या आणि बराच वेळ बसायच्या, पुढे आल्यावर थोडं थांबून परत चालत होत्या. थोड्या वेळाने वाटाड्यानेही आभाळाकडे बघायचं सोडलं. "पहुँच जाएँगे," म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे गूळ मागितला.

झाडं बुटकी व्हायला लागली. मग विरळ. मग हातभर उंचीची झुडपं आणि वर नुसतं आभाळ. शेवटचा चढ उभा होता, त्यात बाई चारदा थांबल्या असतील, पाचदाही. मी काकांच्या टाचांकडे बघत चालले होते. पुढे एक काठ होता, त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं. बाई काठावर पोचल्या.

आणि उभ्या राहिल्या.

"थांबले" म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या. आम्ही त्यांच्यामागे उतारावर एका रांगेत, एक पाय वर, एक पाय खाली, आणि पुढे जायची कुणाची प्राज्ञा नाही. वाऱ्याचा थंडगार झोत काठावरून आमच्या तोंडावर येत होता. त्याला गवताचा वास होता. मला कधी एकदा बघते असं झालं होतं पलीकडे काय आहे ते, पण मला दिसत होती बाईंची पाठ आणि काकांची कानटोपी.

"माताजी, आगे चलिए," वाटाड्या हळूच म्हणाला.

बाई हलल्या नाहीत.

"बाई, गुडघा का?" काकांनी विचारलं.

मी घाबरले. वाटेवरून थोडी बाजूला सरकून, नियम मोडत नाही ना हे बघत, मी वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाई रडत होत्या. आवाज नाही, काही नाही, नुसतं घळाघळा पाणी, आणि पुसायचं भानही नाही. माझे डोळे आपोआप भरून आले. आणि तेव्हा मला ते दिसलं, त्यांच्या खांद्याशेजारून. हिरवंगार, उतरत उतरत गेलेलं, मग चढत गेलेलं, कुठेही झाड नाही, दगड नाही, गवतात बारीक पिवळी आणि निळी फुलं, लांबवर मेंढ्या, आणि सगळ्याच्या मागे, इतका जवळ की हात लावावा, पांढरा बर्फ. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलेलं नाही. अजूनही नाही.

काका नाक शिंकरत होते. शेवटून इंजिनियर विचारत होता, "काय आहे? काय झालं? मला काहीच दिसत नाहीये!"

बाईंनी बाहीने तोंड पुसलं. मग वळल्या. आमच्याकडे, एकेकाकडे, वर्गात आवाज झाल्यावर बघावं तसं बघितलं.

"डोंगर पुढून असा दिसतो होय?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसत्या पाठी दाखवल्यात मला तुमच्या. एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

आणि आमच्या उत्तराची वाट न बघता बाई गवतात चालायला लागल्या.